पानिपत संक्रांतीला झालंच नव्हतं, आणि तारखांचे असे बाकीचे घोळ

दर जानेवारीत आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन फॉरवर्ड ठरलेले असतात. १२ तारखेला सकाळी सकाळी जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांचा शेजारी शेजारी फोटो, खाली "काय हा योगायोग, दोघांचा जन्म एकाच दिवशी". आणि १४ ला तिळगुळाच्या फोटोंच्या मागोमाग पानिपत, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, "संक्रांत कोसळणे" हा शब्दच त्यावरून आला वगैरे वगैरे. मी स्वतः हे दोन्ही मेसेज कित्येक वर्षं पुढे ढकललेत त्यामुळे कोणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण एकदा पंचांग आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर लक्षात आलं की पानिपतवालं साफ चुकीचं आहे आणि जिजाऊ-विवेकानंदवालं दिसतं तेवढं सरळ नाही. "एकाच दिवशी" म्हणजे नेमकं काय हेच आपण कधी विचारत नाही ना.

आधी पानिपत घेऊ. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. इथपर्यंत काही वाद नाही. आणि संक्रांत १४ जानेवारीला असते हे तर शाळेपासून पाठ आहे, तिथीवर नसलेला आपला एकमेव मोठा सण म्हणून. मग दोन्ही एकाच दिवशी आलेच की. पण इथेच फसायला होतं, कारण संक्रांत आज १४ ला (हल्ली कधीकधी १५ ला) येते म्हणजे १७६१ मध्येही १४ लाच होती असं नाही.

संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत जातो तो क्षण, आणि आपल्या पंचांगात राशी मोजतात ताऱ्यांवरून. आपलं भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर मात्र ताऱ्यांकडे बघत नाही, ते ऋतूंना बांधलेलं आहे. आता पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष हे ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं असतं. २० मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण वर्षानुवर्षं साठत गेली की सत्तरेक वर्षांत एक अख्खा दिवस होतो. म्हणजे संक्रांत दर सत्तर वर्षांना एक दिवस पुढे सरकते. यात लीप वर्षांमुळे एखाद्या दिवसाचं मागेपुढे होतं म्हणून हल्ली काही वर्षी १४ आणि काही वर्षी १५ असं दिसतं.

याचा पुरावा त्या १२ तारखेच्या फॉरवर्डमध्येच लपलेला आहे बघा. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्यांच्या चरित्रात हमखास लिहिलेलं असतं की तो दिवस मकर संक्रांतीचा होता. म्हणजे १८६३ मध्ये संक्रांत १२ ला होती! आता तिथून आणखी १०२ वर्षं मागे गेलं की १७६१. हिशोब घातला तर संक्रांत ९ किंवा १० जानेवारीला येते. म्हणजे पानिपतच्या आधी चार-पाच दिवस संक्रांत होऊन गेलेली होती, १४ ला नव्हती. एखाद्या माणसावर "संक्रांत येणे" या वाक्प्रचाराला पानिपतची गरज नाही, आणि पानिपतच्या दुःखालाही संक्रांतीची नाही खरंतर.

आता जिजाऊंकडे येऊ, हे जास्त गुंतागुंतीचं आहे, चहा घेऊन वाचा.

जिजाऊंची जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ सांगतात, सिंदखेड राजाला, पौष पौर्णिमा. मूळ नोंद तिथीची असणार, कारण त्या काळी सिंदखेडला जानेवारी कोणाला माहीत होता? तिथीवरून इंग्रजी तारीख नंतरच्या लोकांनी काढली. आणि ती काढताना जे कॅलेंडर वापरलं ते आपलं आजचं नव्हे, जुनं, ज्युलियन. आजच्या कॅलेंडरने तो दिवस येतो २२ जानेवारी. चंद्राचा हिशोब मागे नेऊन पौर्णिमा तपासली तर तीही बरोबर २२ च्या आसपास पडते. म्हणजे जिजाऊंची १२ जानेवारी आणि विवेकानंदांची १२ जानेवारी ही लिहायला सारखी पण दोन वेगळ्या कॅलेंडरांवरची तारीख आहे. जयंती १२ ला करू नका असं मी अजिबात म्हणत नाही, जयंती ही लोकांनी ठरवायची गोष्ट आहे. पण "एकाच दिवशी" म्हणताना थोडं थांबायला हवं एवढंच.

हे ज्युलियन प्रकरण काय आहे? ज्युलियस सीझरच्या काळापासून युरोपात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरायचे, दर चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी, संपला विषय. पण ऋतूंचं खरं वर्ष याहून साधारण ११ मिनिटांनी लहान आहे. त्यामुळे कॅलेंडर ऋतूंच्या मागे पडत गेलं आणि १५८२ पर्यंत हा फरक १० दिवसांचा झाला. ईस्टरचा दिवस वसंतातल्या पौर्णिमेवर ठरतो त्यामुळे चर्चला याची काळजी होती. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी सरळ १० दिवस कापून टाकले: गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२, दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेनमधल्या संत तेरेसा नेमक्या त्या रात्री गेल्या, त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला असतो, म्हणजे रात्र एक आणि तारखा दहाने लांब. आणि पुढे परत असं होऊ नये म्हणून नियम केला की शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. म्हणून १६०० आणि २००० लीप, पण १७००, १८००, १९०० नाहीत. (हा नियम लक्षात ठेवा, शेवटी मोरारजी देसाईंसाठी लागणार आहे.)

एक गोष्ट मात्र पोपनेही मोडली नाही, ती म्हणजे वार. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. इतिहासवाल्यांचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार वार असतो, तारीख कितीही घोळ घालू दे, जुन्या कागदात तिथी आणि वार दोन्ही असले की जंत्रीतून (म्हणजे तिथी, वार, तारखांच्या तक्त्यांतून) दिवस पक्का पकडता येतो.

आता मजा अशी की नवीन कॅलेंडर सगळ्यांनी एकदम घेतलं नाही. स्पेन, पोर्तुगाल, इटलीतली राज्यं यांनी लगेच घेतलं, कॅथलिक होती ना. इंग्लंड म्हणालं पोपचं आम्ही कशाला ऐकू, आणि १७५२ पर्यंत जुनंच वापरत राहिलं! मग हेच दोन शेजारी आपल्या किनाऱ्यावर येऊन बसले. गोव्यात पोर्तुगीज, मुंबईत १६६८ पासून इंग्रजांची कंपनी. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात मुंबईचा इंग्रज पत्रावर ६ तारीख घालत होता त्याच दिवशी गोव्याचा पोर्तुगीज १६ घालत होता, आणि आपला कारकून शांतपणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लिहीत होता. तिघंही बरोबर. शिवाय पत्रांवर सुहूर सन (मराठी दफ्तरातली अरबी वळणाची वर्षगणना) असायचा, हिजरी तारीख असायची, ते वेगळंच.

६ आणि १६ मी उगाच नाही घेतले. राज्याभिषेक ६ जून १६७४, ही जुनी म्हणजे इंग्रजी पद्धतीची तारीख. मुंबईहून आलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता हे तुम्हाला माहीत असेलच. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून. गडावर हल्ली सोहळा दोनदा होतो, ६ जूनला तारखेप्रमाणे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीप्रमाणे. कोणी फारच हिशोबी निघाला तर १६ जूनला तिसरा करेल, पण तेव्हा पाऊस असतो त्यामुळे ती शक्यता मला कमी वाटते.

शिवजयंतीचं तेच. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. ही तिथी लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटनांच्या तिथीवार नोंदींत आहे. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ म्हणजे १६२७ साल धरायचे, त्यावरून बरेच वाद झाले. शेवटी सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली. ही पण ज्युलियन. आजच्या कॅलेंडरने १ मार्च १६३०. वार दोन्हीकडे शुक्रवारच. म्हणजे एका माणसाच्या एकाच जन्माच्या १९ फेब्रुवारी, १ मार्च आणि फाल्गुन वद्य तृतीया अशा तीन नोंदी, आणि तिन्ही खऱ्या. आपल्याकडे लोक तारीख की तिथी यावर भांडतात, पण तारखेतच दोन तारखा आहेत हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

थोडं अजून खणलं तर वर्षाचाही घोळ निघतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे आपण ज्याला फेब्रुवारी १६३० म्हणतो तो त्यांच्या कागदात फेब्रुवारी १६२९. जॉर्ज वॉशिंग्टनचं असंच झालं, जन्माच्या वेळची तारीख ११ फेब्रुवारी १७३१, नंतर कॅलेंडर बदललं आणि तीच तारीख २२ फेब्रुवारी १७३२ झाली. माणूस तोच, वर्षच बदललं.

या सगळ्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या वसईचं आहे. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज शरण आले, तह झाला १७३९ मध्ये. कुठल्या तारखेला? काही पुस्तकांत ५ मे, काहींत १६ मे. किल्ला ताब्यात आला कधी? कुठे १२ मे, कुठे २३ मे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं कोणीतरी निष्काळजीपणा केलाय, प्रिंटिंग मिस्टेक वगैरे. पण वजाबाकी करा: १६ वजा ५ अकरा, २३ वजा १२ अकरा. फरक दोन्हीकडे अकराचाच! पोर्तुगीज कागद नव्या कॅलेंडरचे, इंग्रजी वळणाने लिहिणारे आपले इतिहासकार जुन्या कॅलेंडरचे. (दहाचे अकरा झाले कारण १७०० हे वर्ष जुन्यात लीप होतं आणि नव्यात नव्हतं.) मराठ्यांच्या इतिहासात एक न लिहिलेला नियमच आहे की १७५२ च्या आधीच्या तारखा बहुतेक जुन्या आणि नंतरच्या नव्या, कारण इंग्लंडने २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर आणला. म्हणून पानिपतची १४ जानेवारी आजचीच आहे, तिला काही अधिकउणं करायची गरज नाही, पण थोरल्या बाजीरावांची २८ एप्रिल १७४० आजच्या हिशोबाने ९ मे होते.

हा घोळ फक्त आपलाच आहे असं नाही. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो, का तर म्हणे शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघं २३ एप्रिल १६१६ ला गेले. शेक्सपिअर गेला इंग्लंडमध्ये, जुन्या २३ एप्रिलला, म्हणजे नव्या ३ मे ला. सर्व्हांतेस स्पेनमध्ये नव्या कॅलेंडरात, आणि तोही २२ ला गेला, २३ ला त्याचं दफन झालं. दोघांच्या मरणात दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर आहे. रशियाची ऑक्टोबर क्रांती तर नोव्हेंबरात साजरी व्हायची, कारण तिथली २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे बाकी जगाची ७ नोव्हेंबर. शेवटी १९१८ मध्ये त्यांनीही ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी आणला.

बरं, तिथी धरली तर घोळ संपतो का? तर नाही, तो वेगळ्या प्रकारचा सुरू होतो. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ, तो कधी १९ तास असतो तर कधी २६, म्हणून तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. बारा चांद्रमहिन्यांचे ३५४ दिवस होतात, वर्षाला ११ दिवस कमी, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून परत मेळ बसवतात. त्यामुळे तिथी तारखेच्या मागेपुढे महिनाभर फिरत राहते. पण १९ वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणजे तुमच्या १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एकत्र येतात, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. माझ्या आजीला हे गणित माहीत नव्हतं पण ती म्हणायची "यंदा तुझे दोन्ही वाढदिवस एकाच दिवशी आले रे", तेव्हा मी १९ चा झालो होतो.

नागपूरला हे दरवर्षी दिसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या दिवशी विजयादशमी होती, आणि तो दिवस त्यांनी सम्राट अशोकाच्या संदर्भाने मुद्दाम निवडलेला होता. म्हणून दीक्षाभूमीवर मुख्य गर्दी होते ती दसऱ्याला, मग तारीख कुठलीही असो, आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतातच. इथे तारीख आणि तिथी दोघींनाही अर्थ आहे.

हा "मुद्दाम निवडलेला" प्रकार दिनविशेष वाचताना फार महत्त्वाचा आहे कारण एकाच तारखेला दोन गोष्टी असल्या की आपण लगेच योगायोग म्हणतो. २६ जानेवारी योगायोग नाही. संविधान स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण लागू केलं दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ला, का तर २६ जानेवारी १९३० ला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता. १५ ऑगस्ट पण तसाच, माउंटबॅटनने ती तारीख धरली कारण जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. म्हणूनच कोरियाचा आणि आपला मुक्तीचा दिवस एकच आहे, मुळाशी तीच शरणागती आहे.

आणि खरे योगायोगही असतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ५० वर्षं झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष काही तासांच्या अंतराने गेले. कॅलेंडर एक, वर्ष एक, काही पळवाट नाही. पाच वर्षांनी जेम्स मन्रो, तोही ४ जुलैलाच. डार्विन आणि लिंकन दोघांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९. हे वाचून अंगावर काटा येतो, पण गणितवाले शांत असतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: एका खोलीत फक्त २३ माणसं असली तरी त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. पटत नाही ना? कारण आपण मनात "माझ्याशी कोणाचा जुळतो" हे मोजतो, आणि खरं मोजायचं असतं जोड्यांवर. २३ माणसांच्या जोड्या होतात २५३. चाळीस मुलांच्या वर्गात शक्यता जवळपास ८९ टक्के. आता हजारो वर्षांचा इतिहास ३६६ खणांत कोंबलात तर प्रत्येक खणात गर्दी होणारच की, मग त्यातल्या दोन गोष्टी उचलून शेजारी ठेवल्या की फॉरवर्ड तयार.

एक शेवटचा घोळ राहिला, घड्याळाचा. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला ७ डिसेंबर १९४१ ला, आणि मलायात कोटा भारूला सैन्य उतरवलं ८ डिसेंबरला. वाचून वाटतं आधी पर्ल हार्बर, दुसऱ्या दिवशी मलाया. प्रत्यक्षात मलायातला हल्ला तासाभराहून जास्त आधी सुरू झाला होता! मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आडवी येते म्हणून आधीच्या घटनेला नंतरची तारीख पडली. चंद्राचंही तसंच, अमेरिकेसाठी माणूस चंद्रावर उतरला २० जुलै १९६९ ला, आपल्या घड्याळात तेव्हा २१ जुलैच्या मध्यरात्रीनंतरचे पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा सकाळचे जवळपास साडेआठ, म्हणजे आपल्याकडे लोक दुसरा चहा घेत असतील.

आणि आता मोरारजी देसाई. जन्म २९ फेब्रुवारी १८९६. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पुढे पंतप्रधान. लोकांना एवढंच माहीत असतं की त्यांचा वाढदिवस चार वर्षांनी यायचा, पण पहिला आलाच आठ वर्षांनी, १९०४ मध्ये, कारण १९०० ला ४०० ने भाग जात नाही आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हतीच. मी एकदा ग्रुपवर लिहिलं की ते रशियात जन्मले असते तर चार वर्षांनीच केक कापता आला असता, तिथे जुन्या कॅलेंडरमुळे १९०० ला २९ फेब्रुवारी होती. त्यावर आमच्या एका मावसभावाने दोन मिनिटांत उत्तर टाकलं की दादा, ते ज्या दिवशी जन्मले त्या दिवशी रशियात १७ फेब्रुवारी होती.